पाय खाली घे

"ए, पाय खाली घे. हातानं दाब."

नाना खुर्चीत बसले होते. हातात चहाचा कप. समोर मॅटवर त्यांची लेक ऋतुजा पालथी पडली होती आणि मी नुकताच तिच्या मांडीवर उजवा पाय ठेवला होता. ठेवला म्हणजे नुसता टेकवला. अजून भारही दिला नव्हता. मी पाय काढला. खाली बसले. दोन्ही हातांनी तिच्या मांड्या दाबायला लागले. शेडमधल्या बाकीच्या पोरी आपापल्या जोडीच्या पायांवर उभ्या राहून तुडवत होत्या. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

ज्यांनी तालीम पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मेहनत झाली की अंग आखडतं. मग एकीनं पालथं पडायचं आणि दुसरीनं तिच्या मांड्यांवर, पोटऱ्यांवर चढून पायानं तुडवायचं. हातानं दाबून पैलवानाच्या मांडीला काही होत नाही, अंगाचा पुरा भार लागतो. मग पाळी बदलते. घरात चुकून कुणाला पाय लागला तर आपण लगेच हात लावून नमस्कार करतो. तालमीत तसलं काही नसतं. लहान मोठ्याला तुडवतं, मोठं लहानाला तुडवतं, कुणाला काही वाटत नाही.

मला मात्र हातानं दाबायचं होतं. आणि माझी पालथं पडायची पाळी कधी आलीच नाही.

मला वाटलं, नवी आहे मी. नव्यांना असंच असेल. पहिल्याच आठवड्यात कशाला तोंड उघडायचं?

आता तिथं कशी गेले ते ऐका. आमचं गाव राहुरीकडचं. कालव्याच्या खाली गाव, त्याच्या खाली ओढा, ओढ्यापलीकडं आमची वस्ती. वस्तीच्या कमानीवर निळा झेंडा. एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. जत्रेत दरवर्षी हगामा भरतो, म्हणजे कुस्त्या. त्या वर्षी पहिल्यांदाच पोरींच्या कुस्त्या ठेवल्या होत्या, कारण नानांच्या लेकीला कुस्तीचा नाद लागला होता. कारखान्याच्या राजकारणात वजन असलेला माणूस, त्याच्या लेकीच्या नादाला सगळं गाव हजर. ऋतुजा आखाड्यात उभी राहिली, आणि तिच्यासमोर यायला कुणीच नाही. भोंग्यावरनं पुकारा चालला होता, "हाय का कुनी पोरगी? ताईला जोड पायजे, जोड!"

मी दोरीमागं बायकांत उभी होते. काय झालं कुणास ठाऊक. ओढणी आईच्या हातात कोंबली आणि आत गेले.

तिनं मला चीत केलं. पण लगेच नाही. बराच वेळ मी तिला पाठ लावू दिली नाही. लोक शिट्ट्या मारत होते. शेवटी पडले तेव्हा तोंडात माती गेली होती आणि मला इतका आनंद झाला होता की थुंकायचंही सुचलं नाही. आजवर माझं अंग दुसऱ्याच्या वावरात वाकायच्या कामाचं होतं. त्या दिवशी ते माझ्या स्वतःच्या कामाला आलं. कुस्तीच करायची, दुसरं काही नाही, हे मी तिथंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी लेकीसाठी बांधलेल्या शेडवरचे वस्ताद आले. कमानीच्या आत आले नाहीत. गाडीवर बसूनच आईला म्हणाले, "पोरीला शेडवर धाडीत जा. शेडवरच्या पोरींत ताईच्या वजनाची जोड न्हाई." आई तेव्हा नानांच्याच कांद्यात खुरपायला जायची. ती नाही म्हणणार नव्हती, आणि मी तर आधीच चप्पल शोधत होते.

गाव म्हणायला लागलं, हिनं कुस्ती धरली. मीही तोऱ्यात तेच सांगायचे. खरं म्हणजे मी कुस्ती धरली नव्हती. त्यांनी मला धरून आणलं होतं, तिच्यासाठी. मॅट आणली, डमी आणली, तशी मी.

वस्ताद चांगले शिकवायचे. तिला. माझ्या अंगावर हात ठेवून तिला दाखवायचे, हितं धर, हितनं वळ, आता बसव ढाक. ढाक म्हणजे हात अडकवून समोरच्याला कमरेवरनं फेकायचं. मी उभी. त्या डावातून सुटायचं कसं, हे मला कुणी सांगायचं नाही. मी जोर लावला की लगेच ओरडायचे, "ए, आडू नको. तिला डाव बसू दे. तू फकस्त पड."

मी पडायचे. डावीकडं, उजवीकडं, मागं. हनुवटी छातीला लावून, खांदा सैल सोडून. पुढंपुढं तर तिनं धरलं की माझं अंग आपणच पडायची तयारी करायला लागलं. पडायची स्पर्धा असती तर जिल्ह्यात पहिली आले असते. घरी येऊन भाकरी गिळताना सुद्धा मान दुखायची आणि चिडचिड व्हायची, पण कुणावर चिडायचं ते ठरत नव्हतं. मग भावावर ओरडायचे.

ऋतुजा वाईट नव्हती. ती माझ्याशी बोलायची, मोबाईलवर परदेशातल्या बायकांच्या कुस्त्या दाखवायची. पण मी तिची मांडी दाबून उठले की ती सरळ उठून जायची. तिच्या मनात कधी आलंच नाही की आता हिला पालथं पडायचं असेल. ज्याला मिळतं त्याच्या मनात हे येत नाही, आणि या गोष्टीची मला आजही चीड येते.

मग शिवानी आली. वस्तादांची भाची, शेवगावकडून. माझ्यापेक्षा बारकी, नवी कोरी, उभं कसं राहायचं इथपासून शिकवायची वेळ. पहिल्याच दिवशी मेहनत झाल्यावर नाना तिला म्हणाले, "चढ गं बाळा, ताईला तुडव जरा."

ती चढली. दोन्ही पायांनी. अंगणातून तशीच अनवाणी आली होती, तळव्यांना शेण लागलेलं होतं. शेण. ते ऋतुजाच्या मांडीवर उमटलं. नाना चहा पीत होते.

मी माझ्या पायांकडं बघितलं. धुतलेले होते. शेडवर जाण्याआधी मी रोज ओढ्यावर पाय घासून धुवायचे, आई तसं सांगायची म्हणून. आपण नवी आहोत म्हणून, लहान आहोत म्हणून, असं मी स्वतःला किती दिवस समजावत होते! चालत घरी आले ती रडत नाही, दात खात आले.

आईला सांगितलं. ती चुलीपाशी होती. तिनं मान वळवली नाही.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

"म्हाईत हाय? मग बोलली का न्हाई?"

"तू शिकत हुतीस नं काईतरी. म्हनलं शिकू दे. आपल्याला कुनी दुसरी जागा दिली आसती का?"

मला तिचा राग आला. तिचं खोटं नव्हतं म्हणून जास्तच आला. शेड त्यांची, मॅट त्यांची, वस्ताद त्यांचे. कुस्ती एकटीनं करता येत नाही. पळता येतं, जोर-बैठका मारता येतात, पण कुस्तीला समोर माणूस लागतं. म्हणून मी परत गेले. दाबत राहिले, हातानं. पण आता बघायला लागले. वस्ताद तिला जे सांगायचे, डाव आणि त्यातली सुटकाही, ते मी पाठ करायचे, आणि घरी उशीवर करून बघायचे.

यंदा केडगावला जिल्ह्याची निवड चाचणी होती. एका वजनगटातून एकच पोरगी पुढं जाते. ऋतुजा त्रेपन्न किलोत. मीही त्रेपन्नात. जोड म्हणून आणलेली, वजन सारखंच असणार. सकाळी वजन व्हायच्या आधी वस्तादांनी मला हॉलच्या बाहेर बोलावलं. पाण्याची मोठी बाटली दिली, केळी दिली.

"हे समदं पोटात घाल. वजन वर जाईल. तू पंचावन्नात उतर. त्रेपन्न ताईचं हाय."

ताईचं हाय! वजनसुद्धा तिच्या नावावर करून ठेवलं होतं. माझं अंग, माझी हाडं, आणि काट्यावर किती भरायचं ते हे सांगणार. मी बाटलीचं झाकण उघडलं. वस्ताद बघत होते. मी सगळं पाणी भिंतीकडेच्या झाडाला घातलं, केळी रांगेतल्या पोरींना वाटली आणि काट्यावर जाऊन उभी राहिले. त्रेपन्नात बसले.

माझ्या आधीच्या कुस्त्या मी जिंकले. समोरच्या पोरी अनोळखी होत्या, त्यांच्यासाठी पडायची मला सवय नव्हती. ऋतुजाही जिंकत आली. शेवटची कुस्ती आमच्या दोघींची.

मी कोपऱ्यात बसून पट्टी बांधत होते. तेवढ्यात नानांचा आवाज आला.

"ए! हिकडं ये. हिच्या पोटरीत गोळा आलाय. दाब लवकर."

ऋतुजा जमिनीवर पालथी, ओठ चावत. शेडवरच्या बाकीच्या पोरी दुसऱ्या मॅटवर आपापल्या गटात गुंतलेल्या. नाना माझ्याकडं हात करत होते. थोड्या वेळात मी त्यांच्या लेकीसमोर उतरणार होते आणि ते मलाच बोलवत होते. त्यात त्यांना काही चुकीचं वाटतच नव्हतं. मला हसू यावं की रडू, कळेना. मी कुणाच्या तरी समोर उतरू शकते हेच त्या माणसाच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

मी गेले. ऋतुजाच्या पायाशी उभी राहिले. बसले नाही.

"तुडवते," मी म्हणाले. "पायानं."

नानांनी मला पहिल्यांदाच नीट बघितलं असावं.

"हातानं दाब म्हनलं नं."

"गोळा हातानं जात न्हाई नाना. मी तिच्यासमोर उतरनार हाय, तरी तुडवते. पर पायानंच."

"नाना, तुडवू द्या की!" ऋतुजा खालून ओरडली. तिला खरंच दुखत होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं.

नानांनी इकडंतिकडं बघितलं. कोण कोण बघतंय ते. मग पांढऱ्या पँटीनिशी स्वतःच गुडघ्यावर बसले आणि लेकीची पोटरी चोळायला लागले. त्यांना काही जमत नव्हतं. ती कण्हत होती. ते चोळत होते. माझा पाय लागण्यापेक्षा लेकीचा गोळा त्यांना परवडला.

तोवर मनात कुठंतरी वाटायचं, की नसेल तसं, आपणच जास्त मनाला लावून घेतोय. तेवढंही उरलं नाही. एका अर्थानं बरं झालं.

कुस्ती लागली. दुखरा पाय सोडून मी खेळले असं सांगितलं असतं तर ऐकायला छान वाटलं असतं. मी तोच पाय धरला. कुस्तीत धरतातच. पट काढला, गुण घेतले, पुढं गेले. लोक ओरडत होते. वेळ संपत आली होती. मग तिनं ढाकेसाठी हात टाकला, रोज टाकते तसाच. मला सुटका माहीत होती. उशीवर केली होती. पण माझी हनुवटी आपोआप छातीला लागली. खांदा सैल पडला. माझं अंग पडलं. मी नाही पडले, माझं अंग पडलं. पाठ लागली.

याचा जेवढा संताप मला येतो तेवढा कशाचाच येत नाही. त्यांनी माझा पाय नाकारला ते मी एक वेळ समजू शकते, ती त्यांची घाण आहे, त्यांच्यापाशी. पण त्यांनी माझ्या अंगात पडणं भरून ठेवलं. ते माझ्यापाशी आहे. झोपेतसुद्धा माझा खांदा सैल पडतो.

वस्तादांनी गाडीत बसायच्या आधीच सांगितलं, "उद्यापासनं येऊ नको." आईचं कांद्याचं कामही गेलं. ती आता पलीकडच्या गावात जाते. मला एका शब्दानं बोलली नाही.

मी कालव्याच्या कडेनं पळते. समाजमंदिरात ताडपत्री टाकून मेहनत करते. भावाला समोर घेते, तो कंटाळतो, पळून जातो. वजनाची जोड नाही, वस्ताद नाही. सगळं छान चाललंय असं मी सांगणार नाही. अंग आखडलं की पालथी पडते आणि आईला हाक मारते.

पहिल्यांदा तिनं कानावर हात ठेवले होते. "लेकराला पाय लावू व्हय गं? हातानं दाबते की."

"हातानं न्हाई," मी म्हणाले. "चढ."

ती भिंतीला धरून चढली. घाबरत, बोटांवर. मग टाच टेकवली. दिवसभर वाफ्यात उभे राहिलेले, भेगाळलेले पाय. उतरल्यावर ती मला नमस्कार करायला वाकली. मी तिचा हात धरला आणि तुडवताना असलं काही करायचं नसतं म्हणून बजावलं. आता ती पुरा भार देते.

परवा वस्ताद परत आले. कमानीबाहेरच थांबले. गाडी चालूच.

"नाना म्हन्ले, झालं गेलं जाऊ दे. ताईला जोड लागती. ये शेडवर."

"तुडवायचं कसं? पायानं?" मी विचारलं.

त्यांनी गाडीचा आरसा वळवून सारखा केला.

"मग सांगा त्यांना," मी म्हणाले, "जोड म्हनून न्हाई येनार. पुढच्या चाचनीला समोर येईन. त्रेपन्नातच."

ते गेले. मी आत आले, भावाला हाक मारली आणि त्याला माझ्यावर ढाकेसाठी हात टाकायला लावला. खांदा सैल पडला. परत टाक म्हणाले. परत पडला. परत टाक म्हणाले. तो रडकुंडीला आला तरी सोडला नाही. पुढच्या वेळी काट्यावर मी तेवढीच भरेन आणि मॅटवर आपणहून पडणार नाही. मला खाली घालायचं असेल तर त्यांनाच मला पाडावं लागेल.