तारबाबूंचं एक वाक्य

जगातल्या सगळ्या दुःखांपेक्षा इंग्रजीतल्या चुकीचं दुःख ज्यांना जास्त होतं, असे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि नशिबाने त्यांना नेमकं तारेच्या टेबलावर बसवलं होतं. आमच्या गावाहून सहा मैलांवर, मुलचेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाजाराचं गाव होतं. तिथल्या कौलारू पोस्टात ते तारा घेत आणि पाठवत. सगळा मुलूख त्यांना तारबाबू म्हणायचा. तार म्हणजे मोडकी इंग्रजी, जितके शब्द कमी तितके पैसे कमी. आणि तारबाबूंचा जीव तर 'ए', 'ॲन' आणि 'द' या तीन शब्दांत अडकलेला. गिऱ्हाइकाने लिहून आणलेल्या फॉर्मवरचा 'द' रिवाजाप्रमाणे खोडताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू अंगणातलं रोपटं उपटायला सांगितलं आहे. "या टेबलावर रोज 'द'चा मुडदा पडते बापा, अन् पाडनारा मीच," असं म्हणून ते सुस्कारा टाकत आणि कट्ट-कडकट्ट सुरू करत.

त्यांचा राग लोकांवर नसे, शब्दांवर असे. पण शब्द लोकांच्याच तोंडून यायचे, त्याला ते तरी काय करणार. जवळच्या निर्वासितांच्या बंगाली वसाहतीतला एक तरुण खिडकीशी आला आणि मोठ्या अदबीने "मायसेल्फ" म्हणून नाव सांगू लागला. तारबाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "मायसेल्फ काऊन? तू सोताच आला हे मले दिसून राह्यलं ना!" पोस्टमास्तरांनी एका कागदात 'रिटर्न बॅक' लिहिलं, तेव्हा तारबाबू जागेवरून उठून त्यांच्यापर्यंत गेले. "साहेब, रिटर्नमंदी मानूस परत आला. आता बॅक लावून त्याले कुठी धाडता?" 'कझिन ब्रदर' हा तर त्यांचा जन्माचा वैरी. "कझिन म्हनलं का झालं. ब्रदर लावला म्हनून वाटनीत वावर भेटते का?" वरच्या ऑफिसातून आलेल्या एका परिपत्रकात म्हणे इतक्या चुका होत्या, की त्या दिवशी त्यांनी डबाच उघडला नाही. हे शिपाई सांगायचा. डबा त्यानेच खाल्ला होता, त्यामुळे मी विश्वास ठेवला.

गंमत अशी की इंग्रजी सोडली तर ते अस्सल ब्रह्मपुरीकडची झाडीबोली बोलायचे, आणि तिच्यात कोणी चुकलं-माकलं तर त्यांना काहीच वाटायचं नाही. "मायबोली घरची हाय. घरी मानूस कसाबी बसते. पाव्हन्याच्या घरी पाय नीट ठेवा लागते," असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांच्याकडे गेलो तो बी.ए.च्या सक्तीच्या इंग्रजीत नापास होऊन. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. बाबा जंगलात बांबूच्या कुपावर तोडीला जात. दिवसभर बांबू तोडून त्यांची बोटं अशी झाली होती, की माझी गुणपत्रिका हातात धरली तरी ती फाटेल असं त्यांना वाटायचं. म्हणून ते ती जमिनीवर ठेवायला सांगत आणि वाकून बघत. वाचता येत नव्हतं, पण लाल रेघ कळायची. त्यांनीच मला सायकलवर डबलसीट बसवून तारबाबूंकडे नेलं आणि खिडकीशी उभं राहून म्हणाले, "जय भीम, बाबूजी. पोरगा इंग्रजीत अडकला." जणू चिखलात गाडी अडकली होती.

तारबाबूंनी ती काढायचं कबूल केलं. पोस्ट बंद झालं की व्हरांड्यात आमचा वर्ग भरे. पुस्तक नव्हतंच. रद्दी फॉर्मच्या पाठीवर ते एखादी तार लिहून देत, नावगाव गाळून, आणि तिची पूर्ण, शुद्ध वाक्यं करायला सांगत. मुलगा झाला, बदली रद्द झाली, लग्न पुढे ढकललं, अशा अनोळखी माणसांच्या सुखदुःखांवर मी इंग्रजी शिकलो. एका तारेवर मात्र ते नेहमी अडायचे. आमच्याकडे माणूस गेला तरी तारेत कोणी 'गेला' लिहीत नसे. 'फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली' असंच लिहायचं, म्हणजे येणारा वाटेत कोसळू नये. "सिरियस त मी बी हाओ रोज," तारबाबू म्हणायचे. "मेला असंन त मेला म्हना. पोरगा साऱ्या रस्त्यानं आस धरून येते, अन् गाडीतून उतरला का लोकाईचे तोंडं पाहून समजते. हे काई बरं नाई." पण लोक लिहायला सांगतील तेच लिहावं लागे, आणि ते लिहीत.

पुढच्या एप्रिलात मी नागपुरात परीक्षेला होतो. सगळे पेपर झाले होते, शेवटचा इंग्रजीचा तेवढा राहिला होता. त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वसतिगृहात तार आली. तार नव्हे, पत्रच म्हणायचं. एकही शब्द खोडलेला नाही, सगळे 'द' आपापल्या जागी. तुझे वडील आज सकाळी वारले. त्यांचा अंत्यविधी आजच सायंकाळी होईल. तू वेळेत पोचू शकणार नाहीस. उद्याचा पेपर लिही आणि मग ये.

मी ती तीनदा वाचली. सोबतच्या मुलांनी मला जेवायला बसवलं, एकजण सारखा पाठीवर हात फिरवत होता. दुसऱ्या दिवशी मी पेपर लिहिला. काय लिहिलं ते आठवत नाही. हात चालत होता एवढं आठवतं. मग बस धरून घरी आलो.

अंगणात पाय ठेवला तर काका पुढे आले. "आता आला? सकाळच्या गाडीवर मानूस उभा केला होता तुह्यासाठी. मंग दुपारची गाडी पाह्यली. ओल्या चादरीत ठेवला होता तुह्या बापाले. शेवटी उन्हापायी उचलला." मी खिशातली तार काढून तिचा अर्थ सांगितला. काकांनी दोनदा सांगायला लावला. तारेसाठी पोस्टात तेच गेले होते. 'सिरियस' लिवा, आमी पोरासाठी उद्यापर्यंत थांबतो, असं त्यांनी खिडकीत सांगितलं होतं आणि फॉर्मवर अंगठा दिला होता. काका दुसऱ्या सकाळी सायकल घेऊन बाजाराच्या गावी गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "तारबाबू म्हनते का समजन्यात फरक झाला."

माय दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी लहान असताना जत्रेत हरवून सापडलो तेव्हा बघत होती तशी. काकांनी सांगितलेला तो 'समजन्यातला फरक' साऱ्या मुलखात पसरला. लोक तारा शाळेतल्या गुरुजींकडून लिहून आणू लागले. तारबाबूंच्या खिडकीत नुसते लिहिलेले फॉर्म यायचे. त्यांत 'कझिन ब्रदर' असायचे, चुकांची रास असायची. आणि शिपाई सांगायचा की ते एक अक्षर बोलत नाहीत, गपचूप पाठवतात.

मी पास झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. गडचिरोलीला कचेरीत नोकरी लागली, मायला नवीन लुगडं आणलं. पेढे घेऊन पोस्टात गेलो तेव्हा तारबाबूंनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला. मला बरंच विचारायचं होतं. विचारलं नाही. ज्याच्यामुळे आपण उभे आहोत, त्याच्याकडे जाब मागायला माझी जीभ उचलली नाही; आणि मनापासून आभारही मानता आले नाहीत.

तीन वर्षांनी कळलं, ते निवृत्त होऊन मुलाकडे, वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरला राहतात. मी गेलो. मुलाच्या क्वार्टरच्या पुढे खाटेवर बसले होते, बरेच वाळलेले. कचेरीत काय काम करतोस, टिप्पणी मराठीत लिहितोस की इंग्रजीत, हे विचारून झालं. मग मी एकदाचं विचारलं, "बाबूजी, घरचे माह्यासाठी थांबनार हायेत, हे तुमाले मालूम होतं ना?"

"होतं," ते म्हणाले. एवढ्या लगेच म्हणाले, की रोज कोणीतरी विचारेल म्हणून तयारच बसले असावेत. "तुहे काका साफ बोलले होते. वाक्य खोटं होतं. इंग्रजी बरोबर होती."

मी खाटेच्या कडेवर बसलो.

"सिरियस लिवलं असतं त तू पेपर सोडून आला असता. खरं लिवलं असतं तरी आला असता. मले तुहा बाप दिसून राह्यला होता, खिडकीपाशी. पोरगा अडकला म्हननारा." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "पन त्याचं तोंड पाह्यचं का पेपर लिवायचा, हे ठरवनारा मी कोन होतो रे?"

घरी येऊन मी हे मायला सांगितलं. ती सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. सूप थांबलं, पुन्हा सुरू झालं. तिने विचारलं, "त्याले पाह्यते कोन आता?"

"सून."

"बरी पाह्यते का?"

मला माहीत नव्हतं. मायने फडक्यात डाळ बांधली. ना रागाने, ना प्रेमाने. शेजारी द्यायची तशी. म्हणाली, "जाशीन त ने. तिकडं अशी भेटत नसंन."

पुढच्या सुट्टीत मी ती नेली. कोणी दिली ते सांगितल्यावर तारबाबूंनी फडक्याची गाठ चाचपली, पण सोडली नाही. सून म्हणाली, "द्या, डब्यात घालून ठेवते." त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. आम्ही उन्हं उतरेपर्यंत बसलो. माझ्या गाडीची वेळ झाली. मी वाकून जय भीम केला, रस्त्याला लागलो आणि वळून पाहिलं, तर ती पुरचुंडी अजून त्यांच्या मांडीवरच होती.