ट्रॅकवरचा नारळ

नारळ फुटल्याचा वास आला की मला आखाती देशातल्या, महबूल्यातल्या आमच्या इमारतीचं पार्किंग आठवतं. टीव्हीवरच्या मोठ्या शर्यतीसारखा लंबगोल ट्रॅक पोरांनी तिथे खडूने आखला होता. उघड्या चाकांची रिमोटची गाडी बनवून माझी मुलगी सकाळपासून ट्रॅकवरची वाळू झाडत होती. आमच्या मराठी मंडळाने गाड्यांच्या शर्यतीच्या उद्घाटनाला बोलावलेल्या प्रमुख पाहुण्यांनी लांबलचक भाषण केलं आणि नारळ नेमका ट्रॅकवरच फोडला. "बाबा, आता सगळ्या गाड्या स्किड होणार!" मुलगी रडवेली झाली. पाहुणे ओशाळले, नुकतीच पांघरलेली शाल काढून गुडघ्यांवर बसले आणि पाणी पुसू लागले. "इतक्या शाली मिळाल्या, पोरी, कामाला आलेली ही पहिलीच!" तिची गाडी शेवटून पहिली आली, पण घसरली नाही, म्हणून ती पार्किंगभर नाचली. हल्ली मलाही कुठे सत्कारात शाल मिळाली की ती पाणी टिपेल का, एवढंच मी पाहतो.