जावईबुवांनी एका दुपारी संपवलेला माझा गेम

...अन वरून सासूलाच विचारता, "खुश न मामी?" काहून खुश होऊ? दोन वर्षं जपून ठेवलेलं तुम्ही एका दुपारी संपवलं. तेही मी तुमच्यासाठीच पुरण वाटत बसले असताना!

जावईबुवा, हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तुम्ही हसता. म्हणून इथं लिहिते, चार लोकांसमोर.

बाकीच्यांना सांगते... मी मोबाईलवर एक जपानी गेम खेळते. हसा खुशाल. शेलूबाजारची, चौथी शिकलेली बाई तलवारी चालवते. माझी मुलगी सुमी लग्न होऊन नागपूरला गेली, तिचा जुना मोबाईल माझ्याकडे राहिला, त्यात तो होता.

चार जण गावोगाव हिंडतात, राक्षस मारतात, एका राज्याचं आटलेलं पाणी परत आणायला निघालेत. एवढीच गोष्ट. पण जे चांगलं ते चांगलंच म्हणीन. त्यात आपला नंबर आला की कितीही वेळ विचार करा, समोरचा राक्षससुद्धा गुमान उभा राहतो... माझ्या घरात इतका वेळ मला कोणी दिला नाही.

खोडीही आहेत. कोणाच्याही घरात घुसायचं, मडकी फोडायची, आतलं उचलून चालू पडायचं, अन घरची बाई वर हसून बोलते! मी एका घरातलं काही घेतलं नाही. बायांना लढाईला पाठवतात अन चिलखत देतात चोळीएवढं. सगळ्यात मोठी खोड म्हणजे खेळ सेव्ह करायची जागा एकच. ती पुसली की सगळं गेलं.

इंग्रजी मला येत नाही. मी फोटो काढून सुमीला पाठवायची, ती आवाज रेकॉर्ड करून अर्थ सांगायची. "आई, ते म्हातारी म्हणून राह्यली, मले डोंगराच्या पलीकडं नेऊन द्या." मी विचारायची, तिचे पोरं कुठं गेले? "तेच तं नाही सांगत हे जपानी!"

असं रोज... त्यातच मधे ती बोलून जायची. आज भाजी खारट झाली तर सासूबाई दिवसभर बोलल्या नाहीत. परवापासून ताप आहे. नुसतं "कशी आहेस" विचारलं तर "बरी आहे" म्हणते. म्हातारीबद्दल बोलता बोलता खरं सांगते.

शेवटचा राक्षस राहिला होता. आम्ही मायलेकींनी ठरवलं, शेवट एकत्र पाहायचा... दिवाळीत, ती माहेरी आली की. माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला, साठवून ठेवणं अंगातच आहे. टोळी अर्धमेली होऊ दिली, पण अमृताची एक बाटली उघडली नाही. सगळ्या त्या दिवसासाठी ठेवल्या.

अधिक महिना आला. जावई वाणाला आले, सुमी सोबत. खाटेवर लोळत होते, मोबाईल दिसला. "मामी, पाहू काय जरासा?"

धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही कोण म्हणतं? मीच हातात दिला. ती चूक माझी, कबूल... अन मी पुरण वाटायला गेले. सुमी माझ्या बाजूला बसून धोंडे वळत होती.

दोन तासांनी हाक आली. "मामी, संपोला तुमचा गेम! बाटल्या लय ठेवल्या होत्या, साऱ्या वापरल्या." पुरणाच्या हातानं मोबाईल घेतला... पहिलं गाव, पहिला दिवस, रिकामी थैली. "अन नवा चालू करून देला. आता खेळा मजेत!"

मी सुमीकडे पाहिलं. "जाऊ दे न आई, गेमच तं आहे," म्हणाली. पण हातातला धोंडा तिनं पार चेपून टाकला होता. मी ओवाळलं, अनारशांचं ताट दिलं.

शेवटी काय झालं विचारलं तर म्हणे, "काही नाही, पाणी येते अन मग नावं येतात." अन म्हातारी? पोचली का डोंगरापलीकडं? ते त्यांना माहीत नाही. गेममधलं बोलणं आलं की न वाचता पुढं ढकलत होते.

त्याला दीड महिना झाला. मी गेम उघडला नाही, सुमीचा रेकॉर्ड केलेला आवाज आला नाही. नुसता फोन येतो. जेवलीस का? जेवले. बरी आहेस का? बरी आहे.

...त्या "बरी आहे"नं माझी झोप गेली आहे.

मी पहिल्या गावापासून पुन्हा खेळायला तयार आहे. पण फोटो पाठवून नाही, तिला शेजारी बसवून. जावईबुवा, सुमीला दिवाळीत दोन दिवस नाही, पंधरा दिवस पाठवता का? हो का नाही, येत्या शुक्रवारपर्यंत इथंच खाली लिहा. हसायचं चित्र टाकू नका.

आता नंबर तुमचा आहे. शुक्रवारपर्यंत मी गुमान उभी आहे.