खिळ्यांचा कडुनिंब

आमच्या गोरेगावात लाकूडतोडे पुष्कळ झाले, पण झाड पाडायला येऊन आधी घटकाभर त्याच्याभोवती नुसता फिरणारा एकच, तांड्यावरचा पुनमचंद आडे. माझं किराणा दुकान बाजाराच्या तोंडाशी आहे. त्याचं हे फिरणं मी अनेकदा पाहिलंय आणि वैतागलोही आहे. माणूस एवढा सावकाश, की बघणाऱ्याचा दोनदा चहा होतो.

तरुणपणी तो कुऱ्हाडीचा गडी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका लाकडाच्या ठेकेदाराने पेट्रोलवर चालणारी, पात्याभोवती दातेरी चेन फिरणारी कटर मशीन आणली आणि ती पुनमचंदच्या हाती दिली. चालू कशी करायची, बंद कशी करायची, एवढं दाखवलं, झालं शिक्षण. कुऱ्हाड चालवणाऱ्याचा एक हात दांड्यावरून सैल सरकत असतो. याने मशीनही तशीच सैल धरली. आखाडा बाळापूरकडे एक बाभूळ कापताना ती अचानक उसळून तोंडावर आली. हनुवटीपासून खांद्यापर्यंत टाके पडले. गळा वाचला, हेच नशीब.

लोक म्हणाले, त्या बाभळीत काहीतरी होतं. पुनमचंद म्हणाला, "बाभळीत काई नव्हतं. माझ्यातच अक्कल नव्हती."

ती अक्कल मग त्याने अशी कमावली, की ऐकणाऱ्याचे कान किटावेत. हाताखालच्या माणसाने मशीनच्या दांडीखालून अंगठा पुरता वळवला नाही, की हा ओरडलाच. पात्याचं टोक कशाला लागू द्यायचं नाही, मशीन खांद्याच्या वर न्यायची नाही, पात्याच्या सरळ रेषेत डोकं ठेवायचं नाही. प्यालेल्याला तर तो मशीनजवळ उभाही करायचा नाही, मग तो सख्खा मेव्हणा का असेना. घरी मात्र मशीनचं नाव काढायचा नाही. बायको चंदाबाईही कधी विचारायची नाही. गाव म्हणायचं, बाई मोठी धीराची.

दोन हजार पाच साली उन्हाळी वादळात शाळेजवळचा कडुनिंब मुळातून हलला आणि शाळेच्या कौलांवर कलला. शाळा उघडायच्या आत तो पाडायलाच हवा होता. सरपंच तातेरावांनी पुनमचंदला बोलावलं. त्याने नेहमीसारख्या फेऱ्या मारल्या, सालीवरून हात फिरवला आणि मशीन खाली ठेवली.

"याच्यात खिळे हायेत. कुठं कुठं हायेत ते कळल्याबिगर मी मशीन लावत न्हाई."

खिळे होते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. दाढ दुखली, दृष्ट लागली, कुणी झपाटलं, की देवरुषी सांगायचा आणि माणूस जाऊन त्या निंबात खिळा ठोकायचा. पीडा झाडात अडकली म्हणायची. पुढे साल वाढते, खिळा गिळते, बाहेरून काही दिसत नाही. चालती चेन त्याच्यावर गेली तर तुटते, नाहीतर मशीन उसळते. आणि ठोकणाऱ्याने जागा सांगायची नाही. सांगितली की पीडा सुटते, अशी समजूत.

ज्याचा खिळा असेल त्याने जागा सांगावी, अशी दवंडी पिटली. गावात जणू कुणाची दाढ कधी दुखलीच नव्हती! सगळे झाडाखाली जमले आणि एकमेकांकडे बघत उभे राहिले.

"एवढी मोठी मशीन, अन् खिळ्याला भेते?" तातेराव म्हणाले.

"मशीन न्हाई भेत, सरपंच. मी भेतो."

माणसं हसली. तेवढ्यात भाकरी घेऊन आलेली चंदाबाई गर्दीतून पुढे झाली. गठुडं खाली ठेवलं आणि साऱ्यांसमोर म्हणाली, "माझा बी हाये एक."

पुनमचंद तिच्याकडे वळला.

"तुमाला टाके पडले तवा ठोकला. देवरुषी म्हणला, बाभळीतलं जे मागं लागलं ते इथं बांधून टाक. कोणाला सांगितलं तर सुटंल."

"मंग आता काहून सांगून राहिलीस?"

"न्हाई सांगितलं तर तुमच्याच मशीनीखाली येईल. सांगितलं तरी सुटतं, न्हाई सांगितलं तरी सुटतं. मंग माझ्या डोळ्यांसमोर सुटू द्या."

तिने खोडाला कंबर टेकवून उंची पाहिली आणि बाजाराकडच्या अंगाला एका जागी बोट ठेवलं. पुनमचंदने पटाशीने साल सोलली. गंजलेलं डोकं निघालं. पकडीने ओढून त्याने तो खिळा बाहेर काढला. कुणी हसलं नाही.

मग तातेराव खाकरले. "आमच्या आजोबांच्या दाढेचा एक असंल बघा, जरा वर." त्यांच्यामागून गर्दीतली पद्माबाई आली. तिने दोन जागा दाखवल्या. एक दाढेचा, दुसरा कशाचा ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मग जो तो जागा दाखवू लागला आणि दुपारपर्यंत निंब चुन्याच्या ठिपक्यांनी भरला. पुनमचंदने ठिपके सोडून कापाची जागा धरली, माणसं लांब हटवली, दोर बांधून झाड मोकळ्या अंगाला ओढून घेतलं. कौलाला धक्का लागला नाही.

चंदाबाई जागची हलली नव्हती. तो घाम पुसत तिच्यापाशी येऊन बसला. मी चहा घेऊन गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"एवढं भ्याव होतं, तर मला काहून न्हाई बोललीस?"

"तुमी काय बोलता घरी? मशीन उसळली म्हणले, बस. काहून उसळली, कोणी उसळवली, मला काय ठाव? मला वाटलं, हाये कोणीतरी मागं."

मला पुनमचंदचा संताप आला. साऱ्या तालुक्याला शहाणं करत फिरला आणि घरच्या बाईला भुताच्या हवाली करून ठेवलं! पण त्याचं तोंड असं उतरलं होतं, की मी चहाचा कप तेवढा त्याच्यापुढे सरकवला.

त्याने बंद मशीन तिच्यापुढे ठेवली, चुकूनही चालू होऊ नये म्हणून प्लगची टोपी काढली. तिचं बोट धरून पात्याच्या टोकाशी, वरच्या अंगाला नेलं. "हे बघ. इथं फांदी लागली. मागं लपलेली, मला दिसली न्हाई. चेन अटकली अन् सारी ताकद उलटी फिरून माझ्यावर आली. बाकी कोणी नव्हतं."

चंदाबाईने त्या दोन बोटं रुंद जागेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

मग तिने पदर तोंडावर घेतला, आणि त्याला टाके पडले तेव्हाही न रडलेली ती बाई शाळेच्या आवारात हमसाहमशी रडली.