मागं कुणी राहिलंय?

सायकल चालवताना बोलता येत नाही. धाप लागते. म्हणून आमचं सगळं बोलणं खायच्या थांब्यांवर साठायचं. मी चौथीत शाळा सोडली, लिहायला वेळ लागतो. पण हे किस्से आता आणखी साठणार नाहीत असं वाटतं, म्हणून लिहितोय.

रबाळ्याच्या कारखान्यातले आम्ही सात जण. महिन्यातल्या एका सुट्टीला पहाटे निघायचं, नेरूळ, बेलापूर करत खांदेश्वरच्या तळ्यापर्यंत जायचं आणि अंधार पडायच्या आत घरी. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेतीच होती. सगळ्यात पुढे मी. सगळ्यात मागे माझा मोठा भाऊ, आमचा दादा. त्याच्या कॅरिअरला हवेचा पंप बांधलेला.

*

पहिल्याच फेरीत मी नेरूळला सगळ्यांच्या आधी पोचलो. भूक लागली होती. टपरीवर वडे होते तेवढे खाऊन टाकले. मागे एकाची सायकल पंक्चर झालेली, सगळे तासाभराने आले.

टपरीवाला म्हणाला, "वडे संपले."

दिवाळे गावचा म्हात्रे माझ्याकडे बघून म्हणाला, "मंग आता याला खावाचा काय?"

दादा हसला नाही. म्हणाला, "आजपासून शेवटचा आल्याशिवाय पहिला घास नाही."

नियम झाला. माझ्यामुळे.

*

साळवे मूळचा परभणीकडचा. एकदा भाड्याची सायकल घेऊन आला, तिला ब्रेकच नव्हता. बेलापूरच्या उतारावर तो सरळ शेतात गेला. लावणी चालू होती. चिखलातून उठला तर समोर शेतकरीण उभी.

"माझी रोपं झोपवलीस," ती म्हणाली. "आता लावून दे."

साळवे एकटा वाकला. मग आम्हीही उतरलो. दादा शेवटी आला. बांधावर सहा सायकली आणि चिखलात सहा वाकलेली माणसं. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि साळव्याच्या शेजारी उभा राहून म्हणाला, "ओळ सरळ धर."

*

खांदेश्वरला तळ्याजवळ एक मावशी भजी तळायची. थंड भजी खाऊ घालणं तिला आवडायचं नाही. आम्ही बाकावर येऊन बसलो तरी ती कढईत काही सोडायची नाही, रस्त्याकडे बघत बसायची. पंप दिसला की विचारायची, "मागं कुणी राहिलंय?"

दादा सायकल लावत म्हणायचा, "कुणी नाही. सोड."

मग पहिला घाणा कढईत पडायचा.

तिच्याच दारात एकदा म्हात्रेची ट्यूब गेली. भोक शोधायला पाणी हवं होतं, हंडा रिकामा, आणि तळ्यापर्यंत जायचा सगळ्यांना कंटाळा. दादाने ताकाच्या पातेल्यात ट्यूब बुडवली. बुडबुडे आले, भोक सापडलं.

"आता हे ताक कोण पिणार?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

म्हात्रेने पातेलं तोंडाला लावलं. "बेस हाय. जरा मीठ कमी हाय."

*

दिवाळीनंतर दादाला कावीळ झाली. तीन आठवड्यांत गेला.

दोन महिन्यांनी साळवे घरी आला. म्हणाला, "रविवारी निघतोय. पंप तुझ्याकडंच हाय."

"घेऊन जा पंप," मी ओरडलो. "मी नाही येणार. विका नाहीतर खाडीत टाका."

तो पंपाला हात न लावता निघून गेला.

रविवारी पहाटे मला जाग आली. पंप कॅरिअरला बांधला. गाठ तीनदा सुटली, दादा कशी मारायचा ते मी कधी बघितलंच नव्हतं. चौकात पाचही जण उभे होते. नेहमी मीच पहिला सुटायचो, त्या दिवशी मी पाय टेकून उभा राहिलो. एकेक जण निघाला. शेवटचा दूर जाईपर्यंत मी थांबलो, मग निघालो.

मागून चालवली की सगळ्यांच्या पाठी दिसतात. मला हे माहीतच नव्हतं. साळवे चढावर उजवीकडे झुकतो. म्हात्रे दर पुलावर मागे वळून बघतो.

खांदेश्वरला पोचलो तेव्हा पाचही जण बाकावर बसलेले. पुढ्यात रिकाम्या बशा. मावशीला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिने पंप बघितला, मग मला बघितलं, मग माझ्या मागचा रस्ता बघितला.

"मागं कुणी राहिलंय?"

सगळे बशांकडे बघत होते. कढईतून धूर यायला लागला.

मी सायकल लावली.

"कुणी नाही," मी म्हटलं. "सोड."