नागभीडचे पोहे खाल्ले म्हणून विमान सरळ उडालं

"जंगल वरून पाहाचं आहे ना तुले? चाल मंग!" शरीफभाऊ म्हणाले आणि मी लगेच सुट्टी टाकली. शरीफभाऊ म्हणजे नागपूरचे आमचे शेजारी. त्यांचं दोन सीटचं इवलंसं विमान चंद्रपूरच्या धावपट्टीवर असतं. बेत असा: भद्रावतीकडून वळायचं आणि गडचिरोलीचं जंगल बघून परत यायचं.

जांब-वरोऱ्याचा रस्ता सोपा, पण माझ्या बहिणीची शिलाई मशीन सिंदेवाहीला पोचवायची होती, म्हणून आम्ही जीपनं उमरेडमार्गे निघालो. भिवापूरपुढे रस्त्यानं हाडं खिळखिळी केली. माझ्या मांडीवर चाचणीसाठी चालू ठेवलेला लॅपटॉप, त्याला जीपीएस जोडलेला. उड्डाणाच्या नकाशात भाऊंनी आदल्या दिवशीच मनाई असलेल्या हवाई हद्दींची फाईल चढवली होती. विमान अशा हद्दीत शिरायला लागलं की लॅपटॉप ओरडतो.

तो ओरडला नागभीडला! आम्ही टपरीवर तर्री-पोहे खात होतो.

"काऊन बोंबलून राह्यला हा?" टपरीवाल्या बाईंनी विचारलं.

"तुमच्या पोह्यावर बंदी आहे म्हन्ते, बाई!" भाऊ हसले.

मला मात्र हसू येईना. पडद्यावर नागभीड लालभडक आणि भद्रावती कोरी करकरीत. खरी मनाई तर भद्रावतीला, तिथल्या दारूगोळा कारखान्यावर!

फाईल उघडली. भाऊंकडच्या हद्दींच्या छापील कागदावर अक्षांश होता वीस अंश सहा मिनिटं. भाऊंनी टाइप केलं होतं वीस पूर्णांक सहा दशांश. रेखांशाचंही तेच. अख्खी हद्द उचलून नागभीडच्या बोकांडी बसवलेली!

भाऊंचा चेहरा उतरला. "उद्या मी सरळ त्याच्यात घुसलो असतो ना गं. लायसन गेलं असतं. मंग मी उडू कसा?"

एवढा मोठा माणूस, पोहे तसेच ठेवून बसला. मलाच गलबलून आलं. तिथंच बसून मिनिटांना साठानं भागत एकेक आकडा दुरुस्त केला, फाईल पुन्हा चढवली. नागभीड मोकळं झालं, भद्रावती लाल.

सकाळी भद्रावतीकडे जाताना लॅपटॉप बरोब्बर ओरडला. भाऊंनी हद्दीच्या अलीकडेच विमान वळवलं आणि जोरात म्हणाले, "शुकर है!" मग खाली जंगलच जंगल, मधूनच चमकणारी वैनगंगा. किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

घरी येऊन फोटो पाहिले तर निम्मे धुरकट. जाऊ दे. आठवतो तो भद्रावतीचा कर्कश आवाज. इतका गोड आवाज मी आजवर ऐकला नाही.

काल भाऊ कुंपणाशी आले. "पुन्हा जाऊन राह्यलो. येतं काय?"

"जांबवरून?"

"नाई वो! पयले नागभीड. माहे पोहे राह्यले ना तिथी."