राणी गप्प का बसली

मुलुंडला आमच्या चाळीमागे एक बाग होती. घरात टीव्ही आल्यापासून संध्याकाळी मी तिथेच जाऊन बसायचे. शेजारच्या चाळीतली एक सून तिथे पुस्तक घेऊन यायची. नाव मी कधी विचारलं नाही. ती एका जागी बसायचीच नाही. पदराचं टोक चावत फेऱ्या मारायची आणि ओठ सारखे हलायचे.

"काय गं, जप करतेस?"

"एमएची परीक्षा आहे, आजी. जुनं नाटक आहे. राजा भरदरबारात राणीला टाकतो, मागच्या महालात राहायला सांगतो आणि ती गप्प बसते. का, ते लिहायचंय. एक टीकाकार म्हणतो, पतिव्रता म्हणून. दुसरा म्हणतो, नाटककाराला शब्द सुचले नाहीत."

"आणि तू काय म्हणतेस?"

"स्वतःचं लिहिलं तर मार्क जातात. सासरच्यांनी एकदाच बसू दिलंय. नापास झाले की शिक्षण बंद."

तेवढ्यात फाटकातून तिची सासू ओरडली, "भाकऱ्या कोण भाजणार? तुझं पुस्तक?"

हिचं तोंड उघडलं आणि मिटलं. "आले, आई," एवढंच म्हणाली. सासू गेली.

"आजी, या टीकाकारांना सासू नव्हती. राणी बोलली असती, तर रात्री राहिली कुठे असती? लिहू हे?"

"मी चौथी शिकलेली. मार्क तुझे जातील, माझे नाही."

ती फाटकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा निघाली. पुस्तक बाकावरच राहिलं होतं. मी ते पुढे केलं.

"उद्यापर्यंत तुमच्याकडेच ठेवा," ती म्हणाली. "आज त्याच्याशिवाय लिहून बघते."